नागपूरच्या वाटेने गेलेले जंगल

गणेशोत्सवातील मुलांच्या चित्रकला स्पर्धेत कागद वाटण्याचे आणि गोळा करण्याचे काम आम्ही काही वर्षे केले. बहुतेक कागदांवर तेच चित्र असते: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नारळाचे झाड. आपल्या पांढुर्णा-सौसरचे संत्र्याचे बगीचे किंवा सातपुड्यातला साग क्वचितच कुणी काढतो. म्हणून यंदा एका चित्रकाराची हकीकत सांगावीशी वाटली.

सैयद हैदर रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया गावी झाला. वडील वनखात्यात नोकरीला, त्यामुळे बालपण जंगलात आणि गोंडांच्या शेजारात गेले. रात्रीच्या अरण्याची भीती, गोंडांचे नाच, उजाडल्यावर येणारा धीर आणि बाजाराच्या दिवसाचे रंग या आठवणी ते उतारवयातही सांगत. ककैयाच्या शाळेत गुरुजींनी या चंचल मुलाला भिंतीवर ठिपका काढून दिला आणि त्याकडे बघत बसवले.

तेव्हा मंडला, छिंदवाडा आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होते. आपले आजे-पणजे ज्या नागपूरला शिक्षणाला आणि कोर्टकचेरीला जात, तिथल्याच कलाशाळेत रझा १९३९ ते १९४३ शिकले. पुढे ते मुंबईला गेले. १९४७ साली सूझा, हुसेन, आरा, बाकरे आणि आपल्या विदर्भाचे हरि अंबादास गाडे यांच्यासह ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली, रझा गेले नाहीत.

१९५० साली ते पॅरिसला गेले. तिथे त्यांनी फ्रान्समधली गावे आणि चर्चे तैलरंगात रंगवली, नाव मिळवले. पुढे ते ॲक्रिलिक रंगांकडे वळले आणि सत्तरच्या दशकात बालपणीचे जंगल परत आले. १९७२ सालच्या ‘तपोवन’मध्ये झाड किंवा वाघ ओळखू येईल असा काढलेला नाही. गडद अंधार आणि त्यातून पेटणारे रंग आहेत. ज्याने अरण्यातली रात्र पाहिली त्याला ते कळते. गुरुजींचा ठिपकाही पुढे ‘बिंदू’ होऊन जगभर गेला.

जंगल रझांनी शेजारी म्हणून पाहिले. त्याच मुलखातल्या पाटनगढच्या जनगढसिंह श्याम या परधान गोंड कलावंताने आपले देव आणि प्राणी स्वतःच्या हाताने कागदावर आणले. त्यांची कला ऐंशीच्या दशकात भोपाळच्या भारत भवनातून जगापुढे आली.

आणि आपण? ज्या नागपूरकडे आपण माहेरासारखे बघतो, ते १७०२ च्या सुमारास वसवले देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदने. देवगड आपल्या जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातलेच. १९५६ साली नागपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. पण पिढ्यान्‌पिढ्या गोंडांच्या शेजारी राहूनही त्यांच्या घरी आपण किती वेळा गेलो? सरकारी दौऱ्यावर आम्ही गेलो ते फायली घेऊन. भिंतीवरची चित्रे बघायला थांबलो नाही, हे कबूल करतो.

रझा २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले.

पुढच्या स्पर्धेला विषय द्यावा, ‘आपला सातपुडा’. त्याआधी एका रविवारी मुलांना तो दाखवून आणावा. सोबत आम्ही येऊ, या वेळी फायलींशिवाय.