राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य
वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि व्यक्तीचा खासगीपणा यांतील सीमारेषा आखणारा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय (७ ऑक्टोबर १९९४). खंडपीठात न्या. बी. पी. जीवन रेड्डी व न्या. एस. सी. सेन होते.

खुनांबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचे आत्मचरित्र ‘नक्कीरन’ हे तमिळ साप्ताहिक छापणार होते. त्यात त्याचे सनदी व पोलीस अधिकाऱ्यांशी असलेले संबंध उघड होणार होते. तुरुंग महानिरीक्षकांनी ते लेखन खोटे ठरवून कारवाईचा इशारा दिला. तेव्हा साप्ताहिकाचे संपादक राजगोपाल यांनी न्यायालयात धाव घेतली.

खासगीपणाचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्येच अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने सांगितले. कुटुंब, विवाह, मातृत्व, शिक्षण यांविषयी संमतीविना काही छापता येत नाही. सार्वजनिक अभिलेखातील माहितीला मात्र हे बंधन नाही. तरीही लैंगिक अत्याचार किंवा अपहरणाच्या बळी ठरलेल्या स्त्रीचे नाव प्रसिद्ध करता येत नाही. अधिकृत कर्तव्याशी निगडित वर्तनाबद्दल लोकसेवकाला नुकसानभरपाई मागायची असेल, तर मजकूर खोटा असून सत्याची पर्वा न करता छापला, हे त्याला सिद्ध करावे लागते. बदनामीच्या भीतीने शासन प्रकाशनापूर्वीच बंदी घालू शकत नाही.

२०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले.