हरताळ

आर्सेनिक ट्रायसल्फाइड या संयुगाचे लिंबासारखे पिवळे खनिज व त्यापासून होणारे रंगद्रव्य. ते उष्णजलीय शिरांत व उष्ण झऱ्यांच्या निक्षेपांत बहुधा मनशिळेबरोबर आढळते (पहा : मनशीळ).

स्फटिक एकनताक्ष, पाटन उत्कृष्ट, पापुद्रे लवचिक, कठिनता १.५–२, विशिष्ट गुरुत्व सु. ३.५. पाटनपृष्ठावर मोत्यासारखी चमक दिसते. वजनाने सु. ६१ टक्के आर्सेनिक व उरलेले गंधक असते (पहा : आर्सेनिक).

आर्सेनिक ट्रायऑक्साइडाच्या हायड्रोक्लोरिक अम्लातील विद्रावात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडल्यास कृत्रिम हरताळाचा पिवळा साका मिळतो. साका पाण्यात विरघळत नाही. अल्कली सल्फाइडांत मात्र विरघळतो. ट्रायऑक्साइड व गंधक एकत्र तापवून होणाऱ्या संप्लवनजात हरताळात ट्रायऑक्साइडाचा अंश राहत असल्याने ते अधिक विषारी असते.

प्राचीन ईजिप्तपासून हा रंग वापरात होता. शिसे व तांबेयुक्त रंगांशी तो जुळत नाही; प्रकाशात फिकटतो. एकोणिसाव्या शतकात क्रोम व कॅडमियम पिवळ्याने त्याची जागा घेतली. भारतीय हस्तलिखितांतील चुकीचा मजकूर हरताळाने झाकत; ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार त्यावरूनच आला.