ग्रंथांची दप्तरदारी आणि स्त्रिया

अंबाजोगाईस दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा त्या कापडावर लिहिलेले 'पंचीकरण' पाहताना मनात येते ते इतकेच की, ग्रंथ टिकविण्याची युक्ती हीदेखील एक विद्याच आहे, आणि बीड जिल्ह्यात ती संगणकाहून कितीतरी जुनी आहे. ज्या घराण्यांतून पोथ्या रुमालात बांधून, दोन फळ्यांमध्ये आवळून पिढ्यानपिढ्या सांभाळल्या गेल्या, तेथे त्यांना ऊन दाखविणारे, कसर झाडणारे हात बहुधा बायकांचेच असणार. पोथीअखेरच्या पुष्पिकेत मात्र नाव येते ते कर्त्याचे, फार तर लेखनिकाचे.

निजामी अमलात अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद, जिल्ह्याचा अधिकारी अव्वल तालुकदार, आणि दप्तराची भाषा उर्दू. गश्ती निशान ५३ या हुकुमान्वये सभेस पूर्वपरवानगी लागत असल्यामुळे, चार माणसांना एकत्र बसण्याचे निमित्त म्हणून मराठवाड्यात वाचनालयास जे महत्त्व आले, ते केवळ वाचनाच्या गोडीने आले नव्हते. हे त्या संस्थांचे भूषणच होय. परंतु ज्या ओसरीवर पुरुषांची बैठक आणि बैठकीवर सरकारची नजर, तेथे लेकीसुनांनी पाऊल टाकावे असा तो काळ नव्हता. त्यांचे पुस्तक भावाने नाहीतर मुलाने बदलून आणावयाचे. साहजिकच वाचणारीची आवड आणणाऱ्याच्या मर्जीवर ठरे.

१९४८ मध्ये पोलिस कारवाईने संस्थानी अंमल संपला, १९५५ मध्ये हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, पुढच्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा ग्रंथालय अधिनियम होण्यास १९६७ साल उजाडले. अनुदान आले की तपासणी येते, आणि तपासणी आली की वही नीट ठेवणारे माणूस लागते; ग्रंथपालाच्या खुर्चीची वाट स्त्रियांना मोकळी झाली ती सुधारकांच्या व्याख्यानांपेक्षा या सरकारी गरजेने अधिक, असे माझे मत आहे. अन्यत्र ही वाट आधीच पडली होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात मेल्विल ड्यूईने १८८७ मध्ये ग्रंथपालांची शाळा काढली, तेव्हा २० विद्यार्थ्यांत १७ स्त्रिया होत्या, आणि विश्वस्तांनी त्या कारणास्तव वर्गखोल्या नाकारल्यामुळे त्याला अडगळीची जागा झाडून घ्यावी लागली. (स्त्रिया थोड्या पगारात राबतात हा हिशेब या उदारतेत नव्हताच, असे म्हणवत नाही.) मुंबईस कर्व्यांच्या महिला विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण १९६१ पासून सुरू झाले.

या विद्येचे मर्म पाहावयाचे तर कोणत्याही वाचनालयाची दाखल नोंदवही उघडावी. दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत आणि शेवटी 'जीर्ण', 'गहाळ', 'रद्द' अशा अक्षरांनी भरलेला शेरा. त्यांतला लेखकाचा रकाना जन्मभर एकच नाव वागविणाऱ्या पुरुषासाठी आखलेला आहे. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही तिन्ही नावे एकाच लेखिकेची. १९३३ चे 'कळ्यांचे निःश्वास' शिरूरकरांखाली नोंदवून बेडेकर आणि खरे या नावांच्या तालिकापत्रांवर 'शिरूरकर पहा' अशी सूचना लिहिली नाही, तर वाचकाच्या दृष्टीने तीन निरनिराळ्या बाया होऊन बसतात. माहेर-सासरच्या नावांची ही ओढाताण जिने शाळेच्या दाखल्यापासून शिधापत्रिकेपर्यंत सोसली आहे, तिला हे मुद्दाम शिकवावे लागत नाही.

वही आणि पत्रांनंतर आलेली, संगणकास कळेल अशी ग्रंथनोंद, जिला 'मार्क' म्हणतात, ती १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्रम यांनी घडविली. त्या ग्रंथपालनातून आलेल्या नसून संगणकाच्या कामातून आल्या होत्या. पुढे न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या लहानशा प्रदेशाच्या ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली २००० साल ओलांडणार नाही असे दिसू लागताच, ग्रंथालयप्रमुख रोझली ब्लेक यांनी रेचेल हॅमिल्टन-विल्यम्स यांच्या कंपनीकडून 'कोहा' ही प्रणाली बांधवून घेतली, आणि ती जानेवारी २००० मध्ये चालू होऊन पुढे जगास मोफत खुली झाली. महाराष्ट्रातील महाविद्यालयांतूनही ती आज वापरात आहे.

या प्रणालीत सभासदाचा प्रकार पाहून पुस्तकाची मुदत आणि दंड निरनिराळे ठेवता येतात. बीडसारख्या जिल्ह्यात, जेथून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि आईबरोबर मुलगीही पुस्तक घेऊन जाऊ शकते, तेथे आठवड्याच्या मुदतीचा नियम तिला एका हंगामात थकबाकीदार ठरवितो. तिच्यासाठी निराळा सभासद-प्रकार करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. परंतु ते खिडकीपाशी बसून देवघेव करणाऱ्या बाईच्या अखत्यारीत नसते, त्यास कार्यकारिणीचा ठराव लागतो. आणि त्या ठरावाखाली सह्या करणाऱ्यांत स्त्रिया किती, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या वाचनालयाचे इतिवृत्त मागवून पाहावे.