टूलचं पाणी

पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड टोळ्या निघायच्या आधी कोयते लोहाराकडे जातात. लाल तापलेलं पातं पाण्यात चर्र करतं; याला पाणी पाजणं म्हणतात. पाणी जास्त झालं की धार तुकड्यांनी उडते, कमी पडलं की मुडपते.

1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गाळप थांबलं की मिलचे रोलर लेथवर चढवायचे, झिजलेल्या खाचा पुन्हा कापायच्या. कोयत्याच्या मुलखाला आता टर्नरही लागू लागला. पुढे 1972 मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकची लुना आली आणि नगरच्या कारखान्यात शाफ्ट, बुश, आस अशी कामं ओघाने आलीच.

त्या काळचा टर्नर टूल स्वतः घासायचा. हातात हायस्पीड स्टीलचा चौकोनी तुकडा, ग्राइंडरशेजारी पाण्याचा डबा. टूल तापलं की बुडवायचं, पुन्हा दगडावर धरायचं. चांगल्या हाताची ओळख त्या कोनावरून पटे. हे पोलाद 1900 च्या सुमारास अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांनी पुढे आणलं. टेलरने 26 वर्षं प्रयोग केले, आठ लाख पौंडांहून अधिक धातूच्या चिपा पाडल्या. त्यातून एक सूत्र निघालं: टूलचं आयुष्य सगळ्यात जास्त खातो तो वेग. पुढे आलेल्या कार्बाइडच्या टूलबाबतीत वेग दहा टक्क्यांनी उतरवला तर टूल साधारण दीडपट टिकतं. घाईत असलेल्या सुपरवायझरला हे पटवणं मात्र आजही कठीण.

कार्बाइडची गोष्ट वेगळी. जर्मनीच्या क्रुपने 1926 मध्ये ते ‘विडिया’ म्हणून आणलं, म्हणजे हिऱ्यासारखं. साध्या दगडावर ते घासलं जात नाही, हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड लागतो. आणि तापलेलं टूल पाण्यात बुडवलं की बारीक तडे जातात. म्हणजे हायस्पीडवर मुरलेला हातच इथे घात करायचा.

सीएनसी लेथवर घासणं संपलं, इन्सर्ट आला, म्हणजे होल्डरमध्ये बसवायचा कार्बाइडचा तयार तुकडा. चौकटीसारख्या सीएनएमजी इन्सर्टला कापणारे चार कोपरे असतात. एक झिजला की फिरवायचा. पण पाण्याचा प्रश्न सुटला नाही. कूलंट तुटक पडलं की कड तापते, गार होते, पुन्हा तापते आणि तेच तडे दिसू लागतात. म्हणून एक तर कूलंट भरपूर सोडायचं, नाहीतर पूर्ण बंद ठेवायचं. कड झिजू लागली की ऑपरेटर मशीनला ऑफसेट देऊन माप सावरतो. झिजलेली कड त्याने परत येत नाही. कडेच्या बाजूला चकचकीत पट्टा साधारण 0.3 मिलिमीटर झाला की कोपरा बदलायचा, फुटायची वाट पाहायची नाही.

संपलेले इन्सर्ट कुणी फेकत नाही. आत टंगस्टन असतं. डबा भरला की किलोवर विकतात.