आंकड्यांवर चालणारें अवजार

घरांतील एखाद्या टेबलावर मावेल एवढें एक यंत्र आज पुष्कळ हौशी माणसांपाशीं दिसूं लागलें आहे. त्यास सीएनसी राऊटर म्हणतात. वेगानें फिरणारा लहानसा कटर लांकडाच्या फळीवर डावी-उजवीकडे, मागें-पुढें व खालीं-वर सरकतो, आणि त्याच्या वाटेवर एखादी वेलबुट्टी किंवा दारावरील नांवाची पाटी कोरलेली उमटते. त्यास सरकविणारा हात कोणाचा नसतो. संगणकाकडून आलेले आंकडे तें काम करतात. अशा या हौसेच्या यंत्राचा जन्म मात्र हौसेपोटीं झालेला नाहीं. तो झाला विमानांच्या धंद्यांत; आणि कसबी कारागिरावांचून काम चालावें, ही इच्छाही त्याच्या वाढीस कारण झाली.

अवजारास द्यावयाचे हुकूम आगाऊ नोंदवून ठेवण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्यें जाकार यानें १८०४ च्या सुमारास भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साह्यानें मागावर नक्षी विणून दाखविली. धातु कापणाऱ्या यंत्रास हेंच तत्त्व लागू करण्याचें श्रेय बहुतांशीं अमेरिकेच्या जॉन पार्सन्स यांस दिलें जातें. मिशिगन संस्थानांतील ट्रॅव्हर्स सिटी येथें त्यांचा कारखाना हेलिकॉप्टरचीं पातीं तयार करीत असे. पात्याचा बांक अचूक साधणें मोठें कठीण. थोडे बिंदु मोजून घ्यावे व मधली रेषा अंदाजानें ओढावी, अशी तोंपर्यंतची रीत होती. पार्सन्स व त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्यूलेन यांनीं पंच कार्डांवर चालणाऱ्या गणकयंत्राकडून त्या रेषेवरील कितीतरी अधिक बिंदु काढून घेतले. मग एकानें आंकडे मोठ्यानें वाचावे आणि दोन कामगारांनीं यंत्राचीं दोन चाकें त्याबरहुकूम फिरवावीं, असें काम सुरू झालें. चाकेंही यंत्रानेंच फिरविलीं तर काय होईल, हा पुढला प्रश्न त्यांतूनच निघाला.

१९४९ सालीं अमेरिकेच्या हवाई दलानें या कामासाठीं पैसा दिला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची एक प्रयोगशाळा त्यांत सहभागी झाली व लौकरच सूत्रें तिच्याकडे गेलीं. सप्टेंबर १९५२ मध्यें तिनें आपलें यंत्र लोकांस दाखविलें. भोकें पाडलेल्या कागदी फितीवरून हुकूम वाचले जात. आणि ते पाळण्यासाठीं जुन्या रेडिओंत असत तसे शेंकडों व्हॉल्व्ह कपाटांत भरलेले होते. १९५९ मध्यें त्या संस्थेनें 'एपीटी' ही हुकूम लिहिण्याची भाषा जाहीर केली, तेव्हां त्या भाषेच्या योगें कापलेलीं ॲल्युमिनियमचीं रक्षापात्रें पत्रकारांस वांटण्यांत आलीं.

याच काळांत दुसरीही एक वाट मोकळी होती. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें निराळी योजना करून पाहिली. पहिली वस्तु कुशल कामगारानें स्वतः करावी, तो यंत्र चालवीत असतां त्याची प्रत्येक हालचाल चुंबकीय फितीवर टिपली जावी, आणि पुढच्या वस्तु त्या फितीवरून यंत्रानें कराव्या. या रीतींत कसब कामगाराचेंच राहात होतें. ती रीत मागें पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकारानें १९८४ च्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे कीं, कामावरील सत्ता कामगाराकडून कचेरीकडे नेण्याची व्यवस्थापकांची इच्छाही त्यास कारणीभूत होती. विमानांच्या कांहीं भागांचे आकार हातानें साधणें जवळजवळ अशक्य होतें, हेंही खरें. कारण कोणतेंही असो. आंकडे लिहिणारा एका खोलींत बसला आणि यंत्राजवळ उभा राहणारा दुसऱ्या खोलींत.

हीं दोन माणसें पुन्हा एक होण्यास यंत्र स्वस्त व्हावें लागलें. १९७० नंतर मायक्रोप्रोसेसर आला व कपाटांची जागा बोटाएवढ्या तुकड्यानें घेतली. १९९० नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें यंत्र चालविणारी एक आज्ञावली तयार केली. सरकारी काम म्हणून ती सर्वांस खुली राहिली आणि तींतूनच पुढें 'लिनक्ससीएनसी' निघाली. २००५ मध्यें इटलींतील इव्ह्रेआ येथें आर्डुइनो हा स्वस्त पट्ट जन्मास आला. २००९ मध्यें नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनीं त्यावर चालणारी 'ग्रबल' ही आज्ञावली सर्वांस फुकट दिली. २०११ मध्यें एडवर्ड फोर्ड यांनीं 'शेपओको' या लहान राऊटरचे आराखडे खुले केले. मग हा छंद घरोघर जाण्यास वेळ लागला नाहीं.

आरंभ करणारास लौकरच एक गोष्ट कळून येते. अशीं लहान यंत्रें बहुधा स्टेपर मोटरवर चालतात, आणि मोटर सांगितलीं तेवढीं पावलें खरोखर सरकली कीं नाहीं, हें कोणी तपासत नाहीं. लांकडाच्या गांठीवर कटर अडखळला व चार पावलें चुकलीं, तरी यंत्र पुढले आंकडे बिनदिक्कत वाचीत जातें. उरलेली सारी नक्षी बाजूला सरकते. म्हणून पहिले धडे पातळ प्लायवूडवर घ्यावे. फळी घट्ट आवळावी. आरंभबिंदु दोनदां तपासावा. एकदां कटर फळीच्या वरून हवेंतच फिरवून पाहावा. आणि एका फेऱ्यांत थोडेंच खोल कापावें. डोळ्यांवर चष्मा व नाकावर भुसा अडविणारी पट्टी असावी, आणि यंत्र चालूं असतां त्यास सोडून जाऊं नये. कटरचा आवाज बदलला कीं कान टवकारावा, हें कोणत्याही फितीवर लिहिलेलें नसतें. तें सुतार आपल्या रंध्यापाशीं शिकत आला आहे. हौशी माणसास आंकडेही स्वतः लिहावे लागतात व लांकूडही स्वतःच ओळखावें लागतें. कारखान्यानें जें कसब दोन खोल्यांत वांटलें, तें त्याच्या टेबलावर पुन्हा एकत्र येतें.