धनी ओळखणारे पिस्तूल

शस्त्राच्या धारेपेक्षा त्याच्या इमानाला अधिक मोल असते. ऐन प्रसंगी जे दगा देत नाही तेच खरे शस्त्र, ही समजूत तलवारीच्या युगापासून चालत आलेली आहे. तेव्हा आपला धनी कोण हे ओळखणारे आणि परक्याच्या हाती पडताच मुके होणारे पिस्तूल निघाले, तर शस्त्रधारी मंडळी त्याचे आनंदाने स्वागत करतील, असे कोणासही वाटावे. अमेरिकेत मात्र नेमके उलट घडले. या पिस्तुलाला सर्वांत कडवा विरोध झाला तो बंदूक बाळगणाऱ्यांकडूनच. हा विरोध केवळ हट्टाचा होता, की त्यामागे काही विचार होता, हे समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागते.

मुलाच्या हाती पिस्तूल लागू नये ही चिंता जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील स्मिथ अँड वेसन या कंपनीने एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याच्या मुठीच्या मागील अंगास एक पट्टी बसविलेली होती. ती तळहाताने घट्ट दाबल्यावाचून गोळी सुटत नसे. आठ वर्षांखालील सामान्य मुलास हे शस्त्र चालविता येणार नाही, अशी कंपनीची जाहिरात होती. १९५२ साली कंपनीने आपल्या शताब्दीनिमित्त त्याच धर्तीचे नवे रिव्हॉल्व्हर काढले. परंतु या खेपेस मुठीच्या लाकडाखाली एक बारीकशी खीळ ठेवलेली असे. ती भोकात सरकविली की पट्टी कायमची दाबलेली राही. एका हाताने दिलेले संरक्षण दुसऱ्या हाताने काढून घेण्याची ही सोय गिऱ्हाइकाचे मन ओळखूनच केलेली असावी. पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज त्या खिळीत आहे.

१९७० नंतरच्या दशकात लोहचुंबकाची अंगठी घातलेल्या बोटांनीच चालेल, अशी एक योजना रिव्हॉल्व्हरमध्ये बसवून मिळू लागली. तिचे गिऱ्हाईक थोडे होते. पण तिच्याविरुद्ध कोणी आवाजही उठविला नाही. कारण ती घेण्याची सक्ती कोणावर नव्हती. पुढे १९९० नंतरच्या दशकात अमेरिकन सरकारच्या न्यायविषयक संशोधन संस्थेने सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे हा विषय सोपविला. झटापटीत गुन्हेगार पोलिसाचेच पिस्तूल हिसकावून त्याच्यावर रोखतो, अशा घटना टाळाव्यात हा हेतू होता. पोलिसांच्या अपेक्षा स्वाभाविकच कठोर होत्या. हातात मोजे असोत, बोटे रक्ताने वा पावसाने भिजलेली असोत, उजव्या हाताला इजा होऊन डाव्या हाताने शस्त्र धरावे लागो, पिस्तूल क्षणार्धात चाललेच पाहिजे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात या साऱ्या अपेक्षा पुऱ्या करणारे साधन आढळल्याचा निर्वाळा मिळाला नाही.

याच सुमारास कोल्ट या जुन्या कंपनीने रेडिओलहरींवर चालणारे पिस्तूल घडविण्याचा प्रयत्न चालविला होता. १९९७ च्या डिसेंबरात कंपनीचे प्रमुख रॉन स्टुअर्ट यांनी व्यवसायाच्या एका नियतकालिकात अशा शस्त्रांचा पुरस्कार केला आणि त्याबरोबर बंदूकधारकांसाठी राष्ट्रीय परवान्याची कल्पनाही मांडली. झाले! कोल्टच्या मालावर बहिष्कार घालण्याची हाक उठली आणि स्टुअर्ट यांना लवकरच पद सोडावे लागले.

याहून मोठा धडा मिळाला तो स्मिथ अँड वेसनला. १९९८ पासून अनेक शहरांनी बंदूक कंपन्यांविरुद्ध नुकसानभरपाईचे दावे लावले होते. त्यातून सुटका व्हावी म्हणून या कंपनीने १७ मार्च २००० रोजी क्लिंटन सरकारशी करार केला. उत्पन्नाचा २ टक्के भाग धनी ओळखणाऱ्या शस्त्राच्या संशोधनावर खर्चावयाचा आणि ३ वर्षांनी नव्या घडणीच्या पिस्तुलांत ती योजना बसवावयाची, असे त्यात कबूल केलेले होते. बंदूकधारकांना ही फितुरी वाटली. गिऱ्हाईक पाठ फिरवून गेले, कामगारांवर कपातीची पाळी आली. टॉमकिन्स या ब्रिटिश कंपनीने १९८७ मध्ये जो कारखाना सुमारे सव्वा अकरा कोटी डॉलरना घेतला होता, तो २००१ मध्ये अवघ्या दीड कोटी डॉलरना आणि कर्जाच्या भारासह विकून टाकला. हे पाहिल्यावर दुसरा कोणता कारखानदार त्या वाटेने जाणार?

वादाला कायद्याचे रूप आले ते न्यू जर्सी राज्यात. आज मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या या राज्यात २००२ च्या डिसेंबरात गव्हर्नर जेम्स मॅकग्रीव्ही यांनी एका कायद्यावर सही केली. अमेरिकेत कोठेही असे पिस्तूल विक्रीस आले की त्यानंतर ३ वर्षांनी न्यू जर्सीत फक्त तसलीच पिस्तुले विकता येतील, असा त्याचा आशय होता. हेतू निर्मळ होता. पण परिणाम विपरीत झाला. ज्या क्षणी एखादा दुकानदार असे पहिले पिस्तूल विकील, त्या क्षणापासून एका संपूर्ण राज्याच्या सक्तीचे घड्याळ चालू होणार! म्हणजे ज्यांना सक्ती नको त्यांना पहिली विक्रीच होऊ न देणे क्रमप्राप्त झाले.

तसेच घडले. म्युनिकजवळील आर्माटिक्स कंपनीने मनगटी घड्याळाच्या संकेतावर चालणारे .२२ व्यासाचे पिस्तूल अमेरिकेत आणले. २०१४ साली कॅलिफोर्नियातील एका दुकानावर ते विकल्याचा आरोप येताच निषेधाचा भडिमार झाला. मेरीलँडमधील एका दुकानदाराने ते ठेवण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यास ठार मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने बेत सोडून दिला. स्वातंत्र्याच्या नावाने लढणाऱ्यांनी एका व्यापाऱ्याचे माल विकण्याचे आणि एका गिऱ्हाइकाचे तो घेण्याचे स्वातंत्र्य अशा रीतीने हिरावून घेतले. या प्रकरणातील हा भाग कोणत्याही युक्तिवादाने उजळ होण्यासारखा नाही.

परंतु धमक्या देणारे थोडे आणि शंका घेणारे पुष्कळ होते. त्यांच्या शंकांना धमक्यांच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होईल. त्यांची पहिली शंका साधी आहे. बॅटरी संपली, बोट चिखलाने माखले, घड्याळ उशाशी राहिले, तर मध्यरात्री दारात उभ्या राहिलेल्या चोरापुढे हे पिस्तूल काय कामाचे? दुसरी शंका अधिक बोचरी आहे. न्यू जर्सीच्या कायद्याने पोलिसांना या सक्तीतून वगळले होते. जे यंत्र पोलिसाच्या जिवास पुरेसे भरवशाचे नाही, ते गृहस्थाच्या जिवास कसे पुरेल? तिसरी शंका राजकीय आहे. आज जी सोय म्हणून येते ती उद्या अट होईल आणि परवा बंदी, असे त्यांना वाटते. भारतात शस्त्र बाळगणे ही १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये सरकारने द्यावयाची परवानगी आहे. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने तो हक्क मानला, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणार्थ पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. हा भेद ध्यानात घेतल्यावाचून तिकडच्या माणसाचा संशय इकडच्या माणसास उमगणार नाही.

अनुभवानेही या शंकांना काही बळ दिले. २०१४ च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीच्या महाधिवक्त्यांनीच आर्माटिक्सचे पिस्तूल कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असा निर्णय दिला. कारण घड्याळ जवळ असेल तोवर परक्या माणसालाही ते चालविता येत होते. २०१७ साली तर एका तंत्रज्ञाने सुमारे १५ डॉलरच्या लोहचुंबकांनी त्याचे कुलूप निकामी करून दाखविले.

तथापि दुसऱ्या पारड्यात जे आहे त्याचे वजन कमी नाही. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक हे झाले आहे. या सर्वच मृत्यूंना धनी ओळखणारे पिस्तूल आळा घालू शकणार नाही, हे खरे. पण बापाच्या खणात हात घालणारे अजाण पोर आणि निराशेच्या भरात आईच्या उशाखालचे शस्त्र उचलणारा तरुण यांच्यापैकी काहींना ते नक्कीच वाचवील. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बंदूकधारकांपैकी १० मधील सुमारे ४ जणांनी असे शस्त्र घेण्याची तयारी दर्शविली होती. म्हणजे सारेच दार बंद नव्हते.

शेवटी न्यू जर्सीने २०१९ साली गव्हर्नर फिल मर्फी यांच्या सहीने जुनी सक्ती रद्द केली. मान्यता मिळालेले असे एक तरी पिस्तूल दुकानात ठेवावे, एवढीच अट उरली. त्यानंतर २०२३ मध्ये कोलोराडोतील बायोफायर कंपनीने बोटाचा ठसा आणि चेहरा ओळखणारे पिस्तूल १,४९९ डॉलर किमतीस जाहीर केले, तेव्हा २०१४ सारखे वादळ उठले नाही. घेणाऱ्याने घ्यावे, न घेणाऱ्याने सोडावे, अशी स्थिती असली की विरोधाची धार आपोआप बोथट होते.

लोककल्याणाचा कायदा करणाऱ्यांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. साधन सिद्ध होण्याआधीच त्याची सक्ती जाहीर केली, तर लोक त्या साधनाचेच वैरी बनतात आणि ज्या बालकांसाठी खटाटोप मांडला ती तशीच उघड्यावर राहतात. या एका कायद्याच्या पायी जवळजवळ १७ वर्षे वादात गेली. विश्वास हुकमाने उत्पन्न होत नाही. तो पारखून घ्यावा लागतो. मात्र पारख करू पाहणाऱ्याचे दुकान धमकीने बंद पाडणाऱ्यांनाही, त्या वर्षांत खणातले पिस्तूल हाती लागलेल्या मुलांविषयीचे उत्तर कधी तरी द्यावे लागेल.