४२.३४ मीटरवरचा आवाज

ढाणकीत बसून हा धागा आपण फोरजी मोबाइलवर वाचत असाल, तर आपल्या फोनला एक सोय आयती मिळालेली आहे. येणारा संदेश रेडिओलहरीवर कोणत्या रीतीने चढवला आहे, हे मनोरा त्याला आधीच कळवतो. संदेश लहरीवर चढवण्याच्या या क्रियेला मॉड्युलेशन म्हणतात. प्रेषक अनोळखी असेल, तर मात्र ती रीत लहरीवरूनच ओळखावी लागते.

ऑगस्ट १९४२. ‘चले जाव’चा ठराव होताच नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले. अशा वेळी मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटर तरंगलांबीवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपणाची जागा वारंवार बदलली जाई.

जागा लपवता येत होती, मॉड्युलेशन लपवणे मात्र परवडणारे नव्हते. घरोघरच्या रेडिओसंचांना एकच रीत उमगे, ती एएम: बोलणाऱ्याच्या आवाजाबरहुकूम लहरीची उंची कमीजास्त होते. जे श्रोत्याला ऐकू जाई, तेच सरकारी संचालाही. या मंडळींचे खरे धाडस मला इथे दिसते. त्याची चर्चा फारशी होत नाही.

त्या काळी अनोळखी लहर ओळखायची ती तरबेज कानांनी. मोर्सचा कट्ट-कडकट्ट आणि माणसाचे बोलणे यांत गल्लत होणे शक्य नव्हते. पुढे लहरींच्या रीती वाढल्या, कान अपुरे पडले आणि १९८० च्या दशकात संशोधकांनी हे काम संगणकाकडे सोपवायला घेतले. अझूझ आणि नंदी यांचा या विषयावरील ग्रंथ १९९६ चा. त्यांची पद्धत पायरीपायरीची होती: लहरीची उंची, वारंवारता आणि फेज किती हलतात हे मोजायचे व त्यावरून निवाडा करायचा. उंची हलली तर एएमचा संशय. उंची स्थिर राहून वारंवारता हलली तर एफएमचा. २०१६ मध्ये ओशे आणि सहकाऱ्यांनी हे निकषही हाताने ठरवायचे सोडले. नमुने पाहून ते शोधण्याचे काम न्यूरल नेटवर्ककडे गेले.

लहर कोणत्या रीतीची, हे कळले तरी ती कुठून येते, हा प्रश्न वेगळाच. पोलिसांच्या शोधगाड्या मुंबईत फिरत होत्या. तरीही १२ नोव्हेंबर १९४२ रोजी, प्रक्षेपण चालू असतानाच, पोलीस गिरगावातल्या त्या खोलीच्या दाराशी पोहोचले, ते रेडिओशी संबंधित एका तंत्रज्ञाने ठिकाण सांगितल्यामुळे. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.